अकरा फिल्टर

दोन वर्षांत दीक्षा शिंगेनं समुद्राच्या हवेचे चारशे बारा फिल्टर गोळा केले. देवगडच्या पलीकडं एका कड्यावर तिच्या संस्थेची पत्र्याची खोली होती. छपरातून एक नळी समुद्राकडं तोंड करून बाहेर काढलेली, आत पंप, आणि नळीच्या शेवटाला आम्लात भिजवून वाळवलेला गोल कागद. तोच फिल्टर. सहा तासांनी तो चिमट्यानं काढायचा, काचेच्या बाटलीत बंद करायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि नवा लावायचा. वारा जमिनीकडून आला की पंप बंद. खालच्या वाडीत मासळी वाळत पडलेली असायची, तिचा वास कागदावर बसला की तो कागद फुकट. महिन्यातले दहा दिवस ती तिथं एकटी राहायची आणि अकराव्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन एसटीनं गगनबावड्यामार्गे कोल्हापूरला यायची.

ती जे शोधत होती ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं. समुद्रातल्या शेवाळापासून जो गंधकाचा वायू निघतो त्याचं हवेत आम्ल होतं. त्या आम्लाचे रेणू नुसते असले तर जवळ येतात आणि सुटतात. पण हवेत अमाइन नावाची रसायनं असली की ते एकमेकांना धरून बसतात, त्यांचे बारीक कण होतात आणि पुढं त्याच कणांवर ढगाचा थेंब धरतो. अरबी समुद्राच्या या बाजूला हे अमाइन किती आहेत, कधी वाढतात, हे एवढ्या चिकाटीनं कुणी मोजलं नव्हतं.

हे सगळं तिनं एकदा वडिलांना सांगितलं होतं. जोतीराम शिंगे शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कोअर शॉपला होते. ओतकामात आतली पोकळी राहावी म्हणून वाळूचे जे ठोकळे करतात, ते करायचं खातं. वाळूत रेझिन मिसळून साच्यात भरायची आणि वरून वायू सोडायचा. काही सेकंदांत वाळू दगड होते.

"म्हंजे आमचाच धंदा की गं," ते म्हणाले होते. "आमी वाळूला धरून ठिवाय जो गॅस सोडतो, त्यो बी अमाइनच. डब्यावर लिवलेलं असतंय. कुजक्या मासळीगत वास मारतोय."

"तुमचा वेगळा, आबा. समुद्रातला वेगळा."

"असूदे की. भावकी तर एकच न्हवं?"

गडमुडशिंगीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात त्या दिवशी दीक्षा बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसली होती. घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली ती पहिली. बापाला आपलं काम कळलं, याचं तिला फार अप्रूप वाटलं.

फिल्टर तपासायचं यंत्र कोल्हापुरात संस्थेच्या तळमजल्यावर होतं. ते बाळासो चालवायचे. वीस वर्षं तेच यंत्र, तीच खुर्ची. कागद धुवून घेतलेलं पाणी यंत्रात सोडलं की पडद्यावर रेघ सरकायची आणि प्रत्येक रसायनाच्या जागी एक शिखर उमटायचं. त्या मार्चमध्ये, सगळे फिल्टर तपासून संपत आले असताना, बाळासोंनी तिला हाक मारली.

"मॅडम, ह्यो पावणा कोण? नेहमीच्या मंडळीत न्हाय ह्यो."

रेघेच्या अगदी शेवटाला एक ठेंगणं शिखर होतं. दीक्षानं मागचं सगळं काढून बघितलं. चारशे बारापैकी अकरा फिल्टरांवर ते होतं आणि बाकी कशावरही नव्हतं. चार दिवस पुस्तकं आणि नमुने धुंडाळल्यावर तिला नाव सापडलं. ट्रायएथिल अमाइन. समुद्र हे रसायन करत नाही. कारखाने वापरतात.

अकराही फिल्टर एकाच खेपेचे होते. त्या खेपेला गगनबावड्याच्या स्टँडवर बर्फाच्या पेटीचा कान तुटला होता. तिनं बाटल्या जवळच्या रेक्झिनच्या पिशवीत ठेवल्या होत्या आणि दुसरा दिवस रविवार म्हणून पिशवी घरी नेली होती. पिशवी आबांची होती. ते त्यातून कामाचे कपडे न्यायचे, आणि तो वायू बाटलीच्या बुचातूनही आत शिरतो. दीक्षानं खात्री करायला एक कोरा फिल्टर आबांच्या शर्टाच्या खिशात तासभर ठेवला आणि तपासला. तेच शिखर, तीच जागा.

तिला आनंदच झाला. डाग कुठून आला हे कळलं होतं आणि तो कुठं कुठं लागला हेही कळलं होतं. अकरा फिल्टर काढून टाकले की चारशे एक उरत होते, आणि ते निखळ होते. शिवाय आता युक्तीच सापडली होती. हे शिखर दिसलं तर कागद डागाळलेला, नसलं तर समुद्राचा. तिनं हे सगळं दोन पानांत लिहिलं, वडिलांच्या शर्टाचंही लिहिलं, आणि मार्गदर्शक अभिराम सरांना मेल केलं.

अभिराम सर हळू बोलणारे होते. त्यांनी आवाज चढवलेला संस्थेत कुणी ऐकला नव्हता. गुरुवारच्या बैठकीत त्यांनी ती दोन पानं सगळ्यांना वाटली. सहा विद्यार्थी होते, बाळासो दाराशी उभे होते.

"आज दीक्षाचे आभार मानायला हवेत," सर म्हणाले. "फार प्रामाणिकपणे तिनं एक गोष्ट कबूल केलीय."

कबूल या शब्दावर दीक्षानं मान वर केली.

"दोन वर्षं आपण समजत होतो की आपण अरबी समुद्र मोजतोय," सर पुढं म्हणाले. "प्रत्यक्षात आपण काय मोजत होतो? गडमुडशिंगी."

कुणीतरी हसलं. मग दोघेतिघे हसले.

"सर, अकराच फिल्टर आहेत," दीक्षा म्हणाली. "बाकीच्यांवर ते शिखर नाहीये. मी खाली तक्ता दिलाय."

"शिखर नाही म्हणजे डाग नाही, असं कसं म्हणतेस? दोन वर्षांत तू बाकी काय काय घरी नेलंस, मला काय माहीत?" ते थांबले. "माझा तुझ्यावर राग नाही, दीक्षा. स्वच्छता ही शेवटी सवयीची गोष्ट. ती घरातून येते. ज्याच्या घरात नसते त्याला आपण दोष देऊ शकत नाही. पण यंत्राजवळही जाऊ देऊ शकत नाही. उद्यापासून फिल्टर ऋता हाताळेल."

ऋता राजारामपुरीतली होती, दीक्षाहून दोन वर्षांनी मागं. तिनं मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून दीक्षाचं टेबल बाहेर व्हरांड्यात आलं. प्रयोगशाळेच्या दारावर सूचना लागली, की परवानगी नसलेल्यांनी आत येऊ नये. नाव कुणाचंच नव्हतं, पण बाकी सगळे आत होते. ऋताला काही विचारायचं असलं की ती दार अर्धं उघडून विचारायची. "दीक्षाताई, सप्टेंबरचे फिल्टर कुठल्या क्रमानं लावलेत?" दीक्षा सांगायची. ऋता थँक्यू म्हणायची आणि दार लावायची. पहिल्या आठवड्यात बाळासो जेवायच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी येऊन बसायचे. दुसऱ्या आठवड्यापासून तेही येईनात.

घरी तिनं हे फक्त आईला सांगितलं, तेही कमी करून. पण दोन खोल्यांत कमी करून सांगितलेलं पलीकडं पूर्ण ऐकू जातं. जोतीरामांनी कंपनीतच आंघोळ करून यायला सुरुवात केली. घरी आले की पुन्हा करायचे, अंगाला साबण दोनदा लावायचे. कामाचे कपडे घरामागच्या परड्यात वेगळ्या दोरीवर गेले. दीक्षा जेवत असली की ते उंबऱ्याच्या बाहेर ताट घेऊन बसायचे.

"आबा, आत या. असं काही नसतंय."

"ऱ्हाऊदे. हितं वारं हाय."

मे महिन्यात सरांनी तिला एका गुरुवारी पुण्याला पाठवलं. एका ग्रंथालयातून जुने अहवाल आणायचे होते. ते अहवाल मेलवर मिळण्यासारखे होते, पण ती गेली. रात्री परत आली तेव्हा आबा दारातच उभे होते, आणि कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"ये. तुझं काम केलंय आज," ते म्हणाले.

"काय काम?"

"तुझ्या सरास्नी भेटलो."

दीक्षानं खांद्यावरची सॅक खाली ठेवली.

ते सांगत गेले. सोमवारी पहिल्यांदा गेलते. दाराशी हात जोडून म्हणाले, साहेब, चूक माझी हाय, माझ्या कापडांची हाय, पोरीला शिक्षा करू नका. सर लई चांगलं बोलले. म्हणाले, शिंगे, तुम्हीच मदत करू शकता. गुरुवारी रात्रपाळी करून सरळ इकडं या. आंघोळ करू नका, कपडे बदलू नका. दीक्षाला आत्ता सांगू नका, उगीच लाजेल.

"मग आज गेलो. पार वाळूनं भरलेला, तसाच. त्यांनी प्लॅस्टिकचा तंबू केलता, आत एक स्टूल. त्यात बसवलं आन चैन लावली. पंप सुरू केला. दोन तास बसलो. उकडत हुतं, पर हाललो न्हाय. हात वर करा म्हणाले, केलं. मग शर्ट काढा म्हणाले. काढला, पिशवीत घातला त्यांनी. बनियनवर बसलो. ती पोरगी हाय बघ, चष्म्याची, तिनं फोटू काढलं."

"ऋतानं?"

"व्हय. लई सभ्य हाय. भाईर आल्यावर कागदी कपात च्या दिला. सर म्हणाले, तुमच्यामुळं सगळं स्पष्ट झालं, शिंगे." जोतीरामांनी तिच्याकडं पाहिलं. "आता घेतील न्हवं तुला आत?"

"आबा, कुठं सही केलीत काय?"

"केली की. एक कागद हुता. विंग्रजीत."

"काय होतं त्यात?"

"मी माप द्याय तयार हाय म्हणून. तेच म्हणाले." आबांचा आवाज जरा खाली आला. "का गं?"

"काही न्हाय," ती म्हणाली. "बरं केलंत."

कागदात काय होतं ते तिला पंधरा दिवसांनी कळलं. संस्थेनं तीन जणांची समिती नेमली होती. अध्यक्षांनी तो वाचून दाखवला. त्यात जोतीराम शिंगे यांनी असं मान्य केलं होतं, की माझी मुलगी नमुन्यांच्या बाटल्या नेहमी घरी आणत असे आणि त्या माझ्या कामाच्या कपड्यांसोबत ठेवल्या जात.

"नेहमी नाही," दीक्षा म्हणाली. "एकदा. एकाच खेपेला. तारीख मी स्वतः लिहून दिलीय. आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नाही."

"म्हणजे तुमचे वडील खोटं बोलले असं तुमचं म्हणणं आहे?"

"ते बोललेच नाहीत. त्यांच्याकडून सही घेतली."

अभिराम सर शेजारीच बसले होते. ते अगदी हळू म्हणाले, "दीक्षा, वडिलांना यात ओढू नकोस. माझ्याकडं आले तेव्हा ते रडत होते. त्यांच्यात जेवढा मोठेपणा आहे तेवढा तरी दाखव."

चौकशी पाऊण तासात संपली. चारशे बाराच्या चारशे बारा नोंदी अविश्वसनीय ठरल्या आणि तिची पीएचडीची नोंदणी रद्द झाली. निघताना तिच्याकडून नोंदवह्या मागून घेण्यात आल्या, कारण त्या संस्थेच्या होत्या. देवगडच्या खोलीची किल्लीही तिनं टेबलावर ठेवली.

पुढं तिला एका लहान प्रयोगशाळेत काम मिळालं. कारखान्यांमध्ये जायचं, हवेचे नमुने घ्यायचे, अहवाल टाईप करायचा. कागल, शिरोली, गोकुळ शिरगाव. मोटारसायकलवर मागं पंपाची पेटी बांधून ती दिवसभर फिरायची. घरी तिनं सांगितलं की तिनंच संस्था सोडली, तिथं काही पुढं होण्यासारखं नव्हतं. आबांनी खरं मानल्यासारखं केलं.

दीड वर्षानं, एका दुपारी कागलमध्ये एका कारखान्याच्या फाटकाशी ती डबा खात असताना, बाळासोंचा व्हॉट्सॲप आला. शब्द एकही नव्हता, नुसती फाईल. परदेशी नियतकालिकात आलेला लेख. लेखिका ऋता, सोबत अभिराम सर. अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर दोन वर्षं मोजलेले अमाइन आणि कणांची निर्मिती. नमुन्यांची संख्या, चारशे एक.

तिनं तारखा बघितल्या. प्रत्येक तारखेला ती त्या कड्यावर होती. काही तारखांना तिला ताप होता, तेही तिला आठवलं. लेखात एका युक्तीचं कौतुक होतं. कारखान्यातलं एक अमाइन खुणेसारखं वापरून डागाळलेले अकरा फिल्टर वेगळे काढण्याची युक्ती. तिच्या दोन पानांतली वाक्यं इंग्रजीत नीट इस्त्री करून घातली होती.

सातव्या पानावर फोटो होता. प्लॅस्टिकच्या तंबूत स्टुलावर बसलेला, बनियनवरचा, हात वर केलेला माणूस. डोळ्यांवर काळी पट्टी. खाली लिहिलं होतं, औद्योगिक अमाइनचा मानवी स्रोत. शेवटी आभार होते. एका अनाम स्वयंसेवकाचे आभार. दीक्षाचं नाव कुठंच नव्हतं.

तिनं बाळासोंना फोन लावला. "मॅडम, मी पाठवलंय म्हणू नका," ते एवढंच बोलले.

तिनं नियतकालिकाला लिहिलं. जुना मेल आणि दोन पानं जोडली. त्यांनी संस्थेला विचारलं. संस्थेनं कळवलं की दीक्षा शिंगे नमुने गोळा करणाऱ्या मदतनीस होत्या, निष्काळजीपणाबद्दल त्यांना काढण्यात आलं, आणि त्यानंतर संस्थेनं स्वतःच्या पद्धतीनं नोंदी शुद्ध करून घेतल्या. यंत्रचालक बाळासो यांची लेखी साक्ष सोबत होती. ते शिखर प्रथम कुणी ओळखलं ते मला आठवत नाही, असं त्यात होतं. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. नियतकालिकानं खेद व्यक्त करून प्रकरण बंद केलं.

ती एकदाच संस्थेत गेली. फाटकावरच्यानं आत सोडलं नाही. निरोप गेल्यावर ऋता बाहेर आली.

"तू मला एकदा फोन करायचास," दीक्षा म्हणाली. "फक्त सांगायचंस."

"दीक्षाताई, मी काय करणार होते? सर म्हणाले, तू सगळं सोडून दिलंस." ऋतानं चष्मा सारखा केला. मग तिचा सूर बदलला. "आणि खरं सांगू? तुझ्या नावावर ते कुणी छापलंच नसतं. वाया गेलं असतं सगळं. निदान आता ते जगात आहे."

"माझ्या बापाचा फोटो पण जगात आहे."

"चेहरा झाकलाय ना त्यांचा," ऋता म्हणाली आणि आत गेली.

दीक्षानं तो लेख घरी कुणाला दाखवला नव्हता. पण रविवारी सकाळी तिचा लॅपटॉप उघडा होता आणि आबा चहाचा कप घेऊन मागून आले. कितीतरी दिवसांनी ते एवढ्या जवळ आले होते. पडद्यावर सातवं पान होतं.

"ह्यो मी न्हवं?" ते म्हणाले. "छापून आलं व्हय?" त्यांनी वाकून बघितलं. "डोळ्यावर पट्टी कशापायी मारलीया?"

"ओळखू येऊ नये म्हणून."

"कुणाला? मी तर कंपनीत सगळ्यास्नी सांगितलंय, माझं माप घेतलंय म्हणून." ते हसत होते. "तुझं नाव कुठं हाय ह्यात?"

"न्हाय."

"बघ की नीट."

"न्हाय, आबा. त्यांनी माझं काम चोरलं. तुमच्याकडनं सही घेऊन मला काढलं आणि मग तेच काम स्वतःच्या नावावर छापलं."

जोतीरामांनी कप खिडकीत ठेवला. मग ते एकदम चिडले, तिच्यावरच.

"आन तू कशाला सांगाय गेलतीस त्यास्नी? अकरा कागद हुतं न्हवं? फेकून द्यायचं. कुणाला कळणार हुतं? बापाच्या शर्टाचा वास लिवून द्याय लागतोय व्हय कुणी? शिकून हीच अक्कल आली?"

"खरं होतं ते."

"खरं! गप बसली असतीस तर आज डॉक्टर झाली असतीस."

दीड वर्ष जे शब्द तिनं दातांमागं धरले होते ते तेव्हा सुटले. "आणि तुमी सही केली नसती तर? वाचता येत न्हाय तर सही करायची कशाला? मी सांगितलं होतं का तुम्हाला तिकडं जायला? त्यांच्या हातात काहीच नव्हतं, आबा. तुम्ही जाऊन दिलंत."

आई चुलीपाशी होती, ती उठून उभी राहिली.

"व्हय," जोतीराम म्हणाले. "ते बी खरंच हाय."

दीक्षाला लगेच कळलं की हे खरं नाही. सही नसती तरी सरांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं. पण ते सांगायला तिनं तोंड उघडलं तेव्हा आबा पायात चपला घालत होते. दुपारी ते परत आल्यावर तिनं सांगितलंसुद्धा, अगदी समजावून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली, आणि एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही.

महिनाभरानं आईनं तिला सांगितलं. जोतीरामांनी सुपरवायझरला गाठून कोअर शॉपमधून बदली मागून घेतली होती. फेटलिंगला. तिथं थंड झालेल्या ओतीव भागांवरची वाळू ग्राइंडर लावून घासतात. चोपन्न वर्षांचा माणूस आपणहून फेटलिंग मागतोय म्हणून सुपरवायझर हसला होता. कारण विचारलं तर जोतीराम म्हणाले होते, तिकडं वास न्हाय.

वास नव्हता, धूळ होती. फेटलिंगची धूळ कसली असते, ती छातीत किती खोल जाते आणि किती वर्षांत काय करते, हे दीक्षा आठवड्यातून तीनदा वेगवेगळ्या कारखान्यांच्या अहवालांत टाईप करत होती. तिनं त्यांना बदली परत घ्यायला सांगितलं. हात जोडले, भांडली, दोन दिवस जेवली नाही. त्यांनी ऐकलं नाही. आता त्यांच्या कपड्यांना काही येत नाही, हे दाखवायला त्यांनी एका संध्याकाळी शर्टाची बाही तिच्या नाकाशी धरली.

"बघ," ते म्हणाले, आणि खोकले.